घरातर्फे कोण थुंकणार?

एलिसा संध्याकाळी आमच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "टीचर, मला लग्न करायचंय. त्यासाठी आजोबांची थुंकी हवी आहे." समोर अपूर्णांक सोडवत बसलेल्या सगळ्या मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या.

"किती थुंकी?" सुमेधने विचारलं.

"गणित," मी म्हटलं. मुलांनी पेन्सिली उचलल्या, पण त्यानंतर कोणाचेही छेद समान झाले नाहीत.

एलिसा माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे आईवडील कुवेतला असतात, म्हणून ती आजी-आजोबांकडेच वाढली. आजोबा क्लेमेंट लोपीस यांची केळीची वाडी माझ्या कुंपणाला लागून आहे. आळीच्या दुसऱ्या टोकाला पास्कल लोपीस राहतात आणि त्यांचा नातू स्टीवन. स्टीवन आणि एलिसा यांचं जुळलंय हे आळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. अडचण होती ती क्लेमेंट यांची.

"पास्कलचं घर आणि आमचं घर मूळचं एकच," ते सांगत. "माझ्या आजोबांच्या आजोबांचा भाऊ रुसून वेगळा झाला, त्याची ही माणसं. भाऊबंदांत सोयरीक होत नसते."

फादरांना विचारलं. ते म्हणाले, इतक्या लांबच्या नात्याला चर्चची काही हरकत नाही. क्लेमेंट म्हणाले, "चर्चची नसेल. माझी आहे." एलिसाचा बाप कुवेतहून फोनवर म्हणाला, पप्पा म्हणतील तसं. पास्कल यांचं म्हणणं, आम्ही त्यांचे भाऊबंद कधीच नव्हतो. पण हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की क्लेमेंट यांना नातं तुटण्यापेक्षा अपमानच जास्त झोंबला.

शेवटी एलिसाने डीएनए चाचणीची गोष्ट काढली आणि कसं कोण जाणे, क्लेमेंट तयार झाले. "विज्ञान म्हणालं की नातं नाही, तर कर लग्न," ते म्हणाले. "पण एकदाच. सारखी सारखी तपासणी करायला मी काय शेळी नाही."

"आता ती चाचणी तीन प्रकारची असते," एलिसा मला म्हणाली. तिच्या मोबाइलवर तिन्हींची माहिती उघडी होती आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. "कोणती मागवू? चुकीची मागवली तर संपलं. आजोबा दुसऱ्यांदा ऐकायचे नाहीत."

"आधी प्रश्न नीट मांडायचा," मी म्हटलं. "मग उत्तर शोधायचं. उद्या तुमच्या अंगणात बसू. मुलांनाही आणते. नाहीतरी त्यांचं लक्ष आता तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी क्लेमेंट यांच्या अंगणात वर्ग भरला. आरामखुर्चीत मोठे बाबा होते. मोठे बाबा म्हणजे आग्नेल, घरातले सगळ्यांत वयस्कर, नव्वदीचे. आळीतलं पोर न् पोर त्यांना मोठे बाबा म्हणतं, क्लेमेंटसुद्धा. मी या आळीत आले तेव्हापासून ते त्याच खुर्चीत आहेत आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच तोडगा असतो, "आधी जेवून घ्या." एलिसाची आजी मार्था ओट्यावर बसून सुकेळ्यांसाठी केळी सोलत होती.

"पहिली चाचणी वडिलांच्या रेघेची," मी मुलांना सांगू लागले. "ही आडनावासारखी. बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे. मध्ये दुसरं कोणी येत नाही. ही फक्त पुरुषांनाच देता येते."

"झालं की मग," क्लेमेंट म्हणाले. "भाऊबंद म्हणजे हेच. ही मागवा." आणि ते पंप चालू करायला उठून गेले. पुढचा धडा त्यांनी ऐकलाच नाही.

"दुसरी आईच्या रेघेची. ही विरजणासारखी. आईच्या घरचं विरजण सगळ्या मुलांना मिळतं, पण सासरी घेऊन जाऊन पुढे लावतात ते मुलीच."

"आमच्याकडे पप्पा लावतात दही," सँड्रा म्हणाली.

"तुझ्या पप्पांचं कौतुक आहे. पण रक्तात तसं चालत नाही. आता तिसरी. ही पत्त्यांच्या कॅटसारखी. आईची अर्धी पानं, वडिलांची अर्धी पानं, पिसून वाटलेली. म्हणून एका घरातल्या दोन भावंडांच्या हातातही वेगवेगळी पानं येतात. जवळचं नातं यात ताबडतोब कळतं. पण दर पिढीला अर्धी पानं गळतात, त्यामुळे खूप मागच्या एखाद्या पूर्वजांचं एकही पान तुमच्या हातात नसेल, असंही होतं."

"म्हणजे ते पूर्वज आपले नाहीतच?" सुमेध.

"आपलेच. फक्त हातात पान नाही."

सुमेधला हे पटलं नाही. खरं तर पटण्यासारखं नाहीच ते. मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा पत्ते आणून दाखवायचं कबूल केलं.

मार्थाने केळ्याचं साल बाजूला टाकत विचारलं, "टीचर, म्हणजे त्या पहिल्या रेघेत आम्हां बायकांना जागाच नाही?"

"नाही."

"बरं," मार्था म्हणाली आणि पुढचं केळं घेतलं.

मग मी एलिसाला विचारलं, "तुझा प्रश्न काय? तू आणि स्टीवन किती जवळचे, हा असेल तर तिसरी चाचणी तुम्ही दोघांनी द्यायची. दोन घरांचा मूळपुरुष एक का, हा असेल तर पहिली. ती दोन्ही घरांतल्या पुरुषांनी द्यायची."

एलिसाने जरा विचार केला. "माझा प्रश्न आम्ही किती जवळचे, हाच आहे टीचर. पण अडवून बसलेत आजोबा. उत्तर त्यांच्या प्रश्नाचं हवं."

मला तिचा अभिमान वाटला. शाळेत तिला हे इतक्या लवकर कळत नसे.

पार्सल आलं. दोन नळ्या, त्यांच्यावर नावं नाहीत, नुसते आकडे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर क्लेमेंट यांच्या अंगणात थुंकायचं ठरलं. दोन्ही घरांचा एकमेकांवर इतका विश्वास की मी पंच. मी दोन्हीकडची नव्हे, आणि शिवाय हिंदू, म्हणजे निःपक्षपाती. एलिसा आणि स्टीवन यांनी नळ्यांना हात लावू नये म्हणून त्यांना भुईगावच्या किनाऱ्यावर पिटाळलं. त्यांनी याची तक्रार केली नाही.

पास्कल आले ते स्वतःचं स्टूल घेऊन. क्लेमेंट यांच्या खुर्चीवर बसलो असं व्हायला नको. मी नियम वाचले. आधी अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही, पान नाही, तंबाखू नाही. फेस धरायचा नाही, थुंकी रेघेपर्यंत हवी.

"चहासुद्धा नाही?" पास्कल म्हणाले. "बोलावून घेतलंय आणि चहा नाही."

"विज्ञान आहे," क्लेमेंट म्हणाले.

अर्धा तास दोघं समोरासमोर बसले. मग पास्कल यांनी नळी घेतली, तोंड फिरवलं आणि दोन दमांत भरली. जन्मभर याच कामाची वाट पाहत असल्यासारखं. भरलेली नळी त्यांनी क्लेमेंट यांच्या नाकासमोर धरली.

क्लेमेंट यांनी आपल्या नळीचं झाकण काढलं. त्यांचा चेहरा पडला होता. पास्कलसमोर थुंकायचं, आणि नळी भरली नाही तर काय, ही काळजी त्यांना आठवडाभर खात होती, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात दारातून मार्था म्हणाली, "अहो, घरात मोठं माणूस बसलेलं असताना तुम्ही कसे पुढे होता?"

आमच्या आळीत हे वाक्य टाळता येत नाही. केळीचा पहिला घड मोठ्यांच्या हातून उतरतो, लग्नातला पहिला घास मोठ्यांना जातो, नवीन विहिरीचं पाणी आधी मोठे पितात आणि कसं आहे ते सांगतात. घरातर्फे जे काय करायचं ते मोठ्यांनी. क्लेमेंट यांनी इतक्या झटकन नळी खाली ठेवली की ती सांडायला काही असतं तर सांडलं असतं.

"खरंच की," ते म्हणाले. "मोठे बाबा असताना मी कोण?"

पास्कल यांनी मोठ्या बाबांकडे पाहिलं, मार्थाकडे पाहिलं, आणि मग आभाळाकडे पाहिलं.

मोठ्या बाबांना नळी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, तोंड हलवलं, आणि काहीच आलं नाही. नव्वद वर्षांचं कोरडं तोंड.

"मुलांनो," मी म्हटलं, "मोठ्या बाबांना आंबट वस्तूंची आठवण करून द्या."

मुलांना एवढंच हवं होतं. "मोठे बाबा, कैरी," सुमेध म्हणाला. "तिखटमीठ लावलेली." सँड्रा चिंचेबद्दल बोलली. तिसरी एक मुलगी आवळ्याबद्दल इतकी समरसून बोलली की तिला स्वतःलाच आवंढा गिळावा लागला. सगळ्या अंगणाच्या तोंडाला पाणी सुटलं. क्लेमेंट यांनी दोनदा गिळलं. पास्कल यांची नळी आधीच भरली होती, नाहीतर त्यांनी अजून दोन भरल्या असत्या. मोठे बाबा मात्र कोरडे ठणठणीत.

मग मार्था शेगडी घेऊन आली. ती त्यांच्या खुर्चीपाशी, वारा येतो त्या बाजूला ठेवली आणि पाचूबंदरहून आणलेले सुके बोंबील निखाऱ्यावर टाकले. वास पोचला. मोठ्या बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.

"दे," ते म्हणाले.

"आधी नळी, मग बोंबील."

"एक दे."

"एक दिला तर परत अर्धा तास थांबावं लागेल, मोठे बाबा. टीचरनी वाचून दाखवलंय."

मोठ्या बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला नियम वाचल्याचा पश्चात्ताप झाला. पण नळी भरली. थेट रेघेपर्यंत. मी झाकणं लावली, पाकिटं चिकटवली, आणि सगळ्यांनी बोंबील खाल्ले. पास्कल यांनीही खाल्ले, स्वतःच्या स्टुलावर बसून.

काही आठवड्यांनी एलिसाच्या मोबाइलवर निकाल आला. दोन नळ्यांतल्या वडिलांच्या रेघा वेगळ्या. हजारो वर्षांत कुठेच एकत्र आलेल्या नाहीत.

क्लेमेंट यांनी निकाल दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "तरीच. त्यांच्यातल्या एकालाही नीट केळ लावता येत नाही. मला कायम प्रश्न पडायचा." तिकडे पास्कल म्हणाले, "आमच्या घरात कोणी घोरत नाही. तेव्हाच कळायला हवं होतं." दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकांतले इतके फरक एकदम दिसू लागले की आळीत करमणूक झाली. पण परके झाल्यावर ते एकमेकांशी बरे वागू लागले. साखरपुडा झाला. चर्चमध्ये लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात, म्हणजे कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगता यावी. पहिल्या दोन रविवारी ती वाचूनही झाली.

त्या आठवड्यात मी मुलांना वंशावळ काढायला शिकवत होते. सुरुवात मोठ्यांपासून, म्हणून फळा घेऊन आम्ही मोठ्या बाबांच्या खुर्चीपाशी बसलो.

"मोठे बाबा, तुमच्या पप्पांचं नाव?" सँड्राने विचारलं.

"सालू."

सँड्राने लिहिलं, सालू लोपीस.

"लोपीस कोन?" मोठे बाबा म्हणाले. "परेरा. सालू परेरा, गास गावचा."

"मग तुम्ही इथे कसे?"

"बहीन दिली होती या घरात. तिचा नवरा गेला. क्लेमेंट एवढासा. बापानं सांगितलं, जा जरा म्हैनाभर, वाडी बघ."

"मग?"

"मग काय. म्हैना संपला नाय अजून."

मुलं हसली. सँड्रा हसली नाही. ती फळ्याकडे बघत होती. "टीचर, म्हणजे हे क्लेमेंट आजोबांचे मामा. मामा दुसऱ्या रेघेत असतो ना?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर." आणि मुलांना घरी सोडलं.

मार्था मागच्या बाजूला सुकेळी उन्हात पसरत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मार्था, तुम्हाला ठाऊक होतं."

"मला काय ठाऊक असणार टीचर? तुम्हीच म्हणालात, बायकांना त्या रेघेत जागा नाही. मग म्हटलं बाहेरच बसायचंय, तर बाहेरून काय दिसतं ते बघू."

"मोठ्या बाबांना ठाऊक होतं?"

"त्यांना बोंबील ठाऊक होते."

"एलिसाला?"

"तिला कशी सांगणार? ती आजोबांना सांगून मोकळी होईल. खरं बोलायचं तुम्हीच शिकवलंत ना तिला?" एवढं म्हणून तिने ताटातलं एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलं.

"मी पंच होते. मला सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सांगा. पण त्यांचं जेवण झाल्यावर सांगा."

जेवण झाल्यावर मी क्लेमेंट यांना सांगितलं, एलिसाच्या समोर. लग्न तिचं होतं, तिच्यामागे बोलणं बरं नव्हे. नळीत थुंकी मामांची होती, म्हणजे ती रेघ परेरांची. लोपिसांचं अजून काहीच तपासलेलं नाही.

एलिसाचा चेहरा उतरला. पण ती माझी विद्यार्थिनी. "आजोबा," ती म्हणाली, "मी फादरांना सांगते, रविवारी सूचना वाचू नका. तुम्ही पुन्हा थुंका. मग जे येईल ते."

मार्था दाराला टेकून उभी होती. तिने क्लेमेंट यांच्याकडे पाहिलं नाही.

क्लेमेंट कोयत्याची मूठ पुसू लागले. मग म्हणाले, "टीचर, तुमचं म्हणणं काय, मोठे बाबा या घरचे नाहीत?"

"घरचे आहेत. रेघेतले नाहीत."

"माझा बाप गेला तेव्हा मला नीट चड्डी बांधता येत नव्हती. पहिली विडी ओढताना मला कोणी पकडलं? कोणी झोडपलं? रेघेतला माणूस तेव्हा कबरीत होता." त्यांनी आरामखुर्चीकडे मान वळवली. तिकडे मोठे बाबा झोपले होते. "त्यांनी घरातर्फे थुंकलं. सगळ्यांदेखत. आता मी परत थुंकायचं, म्हणजे आळीला सांगायचं की हा म्हातारा इथे पाहुणा आहे. ते मी करणार नाही."

"आणि भाऊबंद?" एलिसाने हळूच विचारलं.

"कोण भाऊबंद? निकाल आलाय ना तुझ्या मोबाइलवर?" ते उठले. मग जाता जाता म्हणाले, "तो रुसून गेलेला भाऊ मी कुठे बघितलाय? असेल, नसेल."

माझं काम मात्र अर्धंच झालं होतं. पंच म्हणून पास्कल यांनाही सांगायला हवं होतं. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"टीचर," ते म्हणाले, "आग्नेल परेरा गासचा, हे मला तुम्ही सांगणार? तो इथे आला तेव्हा मी पोर होतो. मला पोहायला त्यानेच शिकवलं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही पंच होता. पंचाच्या मध्ये आपण बोलू नये."

शिकवण्याच्या धंद्यात इतकी वर्षं गेली, पण समोरचा माणूस इतका सभ्य असला की त्याला रागवता येत नाही.

तिसऱ्या रविवारी एलिसाने मला चर्चला नेलं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. उजवीकडे क्लेमेंट यांचं घर, डावीकडे पास्कल यांचं. मिस्सा संपत आली तेव्हा फादरांनी सूचना वाचल्या. स्टीवन लोपीस आणि एलिसा लोपीस, तिसरी व शेवटची वेळ, कोणाला काही अडचण ठाऊक असल्यास कळवावी. आणि ते पुढच्या कागदावरची आरोग्य शिबिराची सूचना वाचू लागले.

क्लेमेंट उभे राहिले.

एलिसाने माझं मनगट धरलं. तिची नखं लागली. मार्थाचा हात क्लेमेंट यांच्या सदऱ्याच्या टोकाकडे गेला आणि थांबला. फादरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय आहे, क्लेमेंट?"

"अडचण नाही, फादर."

फादरांनी हातातला कागद खाली केला. "अडचण नसेल तर उठायचं नसतं."

"ठाऊक आहे. पण बसून राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं."

डावीकडून बाक करकरला. पास्कल उभे राहिले. "आमच्या घरातर्फेही नाही," ते म्हणाले, जरा मोठ्याने.

"बरं," फादर म्हणाले. "बसा दोघंही."

क्लेमेंट यांनी पास्कल यांच्याकडे पाहिलं. पास्कल यांनी क्लेमेंट यांच्याकडे पाहिलं. आधी कोण बसणार, हे काही ठरेना. शेवटी फादरांनी गाणाऱ्या मुलांना खूण केली, गीत सुरू झालं, आणि सगळं चर्चच उठून उभं राहिलं.